दाताच्या आतील भिंत : दंतिनाची घडण व प्रकार

विषय : सामान्य विज्ञान व आरोग्य
घटक : आपले दात
कोणासाठी : इयत्ता १ ली ते ५ वी शिकविणाऱ्या शिक्षकांच्या पूर्वतयारीसाठी

१. प्रास्ताविक

प्राथमिक शाळेतील आरोग्यपाठांत दातांचा घटक दरवर्षी येतो. दुधाचे दात वीस, कायमचे दात बत्तीस. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा व दाढा. दात सकाळी व रात्री घासावेत, एवढे सांगून पाठ बहुधा संपतो. यांतील एकही गोष्ट चुकीची नाही. तथापि मुलांच्या मनात उभ्या राहणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एवढ्याने मिळत नाहीत. बोटाची जखम आठ दिवसांत भरून येते, मग दाताचा खड्डा का भरून येत नाही? दगडासारख्या कठीण दाताला थंड पाणी कसे कळते? बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे दिसणारे भोक आतून एवढे मोठे कसे निघते?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दाताच्या एकाच भागात आहेत. त्या भागाला दंतिन म्हणतात. दंतिन डोळ्यांना सहसा दिसत नाही. परंतु दाताचा बहुतेक आकार त्याचाच असतो. ते कसे घडते व त्याचे प्रकार कोणते, हे शिक्षकांनी एकदा नीट समजून घेतले, तर दातांचा पाठ केवळ उपदेशाचा न राहता कार्यकारणभावाचा होईल.

२. दाताची रचना

दात उभा कापला असता त्याचे तीन भाग स्पष्ट दिसतात. हिरडीबाहेरच्या भागावर सर्वांत वर दंतवल्काचे आवरण असते. यालाच आपण इनॅमल म्हणतो. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. त्याच्या आत दंतिनाची जाड भिंत असते. ही भिंत हिरडीच्या आत मुळाच्या टोकापर्यंत गेलेली असते. मात्र मुळावर दंतवल्काऐवजी हाडासारख्या पदार्थाचा पातळ थर असतो. अगदी मध्यभागी मगज असतो. तो मऊ असून त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात.

दंतिनाच्या वजनात खनिजे सुमारे ७० टक्के, सेंद्रिय द्रव्य सुमारे २० टक्के व पाणी सुमारे १० टक्के असते. सेंद्रिय द्रव्यात मुख्यत्वे कोलॅजन या प्रथिनाचे तंतू असतात. या तंतूंमुळे दंतिन कठीण असूनही किंचित लवचिक असते. शहाबादी फरशी खाली पोकळ राहिली तर पहिल्याच आघाताने तडकते. खालचा थर भक्कम बसला असेल तर ती वर्षानुवर्षे टिकते. दंतवल्क ही फरशी आणि दंतिन हा तिच्या खालचा थर होय. खालचे दंतिन किडून गेले म्हणजे वरचे धडधाकट दिसणारे दंतवल्क एके दिवशी चणा चावतानाच फुटते.

हस्तिदंत म्हणून जो पदार्थ आपण ओळखतो तोदेखील दंतिनच होय. हत्तीचे बाहेर आलेले सुळे हे वस्तुतः त्याचे वरचे पटाशीचे दात असून ते जवळजवळ सर्वस्वी दंतिनाचे बनलेले असतात. हस्तिदंताची किंचित पिवळसर झाक ही दंतिनाचीच झाक आहे.

३. दंतिनाची घडण

बाळाला पहिला दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसतो. परंतु त्या दाताचे दंतिन बनण्यास आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारासच प्रारंभ झालेला असतो. भावी जबड्यात पेशींचा एक थर उलट्या पेल्याच्या आकाराने वाढतो व त्या पेल्याच्या आत मऊ पेशींचा एक पुंजका सामावलेला असतो. पेल्याच्या आतील अंगाच्या पेशींकडून रासायनिक संदेश मिळताच पुंजक्याच्या कडेच्या पेशी रांगेने उभ्या राहतात व लांबट होतात. याच दंतिनजनक पेशी होत.

या पेशी प्रथम कोलॅजनच्या तंतूंचे जाळे बाहेर टाकतात. या कच्च्या, खनिजरहित थराला पूर्वदंतिन म्हणतात. पुढे त्यात कॅल्शियम व फॉस्फेट यांचे सूक्ष्म स्फटिक बसू लागतात व थर कठीण होतो. तो कठीण होईतो आतल्या बाजूस नवा कच्चा थर तयार झालेला असतो. अशा रीतीने एकामागून एक थर पडत जातात आणि दंतिनजनक पेशी मागे, म्हणजे मगजाच्या दिशेने, सरकत जातात.

घर सारवताना गृहिणी भिंतीकडून प्रारंभ करते आणि ओल्या सारवणावर पाय पडू नये म्हणून मागे मागे सरकत दाराशी येते. दंतिनजनक पेशींचे काम असेच चालते. फरक एवढाच की, मागे सरकताना प्रत्येक पेशी आपला एक सूक्ष्म धागा पुढच्या थरात ठेवून जाते. या धाग्याभोवती दंतिन कठीण होते व धाग्याच्या जागी एक नलिका राहते. संपूर्ण दंतिन अशा असंख्य नलिकांनी भरलेले असते.

दंतिनाचा पहिला थर पडल्यावरच पेल्याच्या पेशी आपले काम सुरू करतात. त्या दंतवल्क तयार करतात आणि उलट दिशेने, बाहेर बाहेर सरकतात. येथे पुढील सर्व गोष्टींचे मर्म आहे. दंतवल्क पूर्ण झाले व दात हिरडीबाहेर आला की ते बनविणाऱ्या पेशी नाहीशा होतात. त्यामुळे गेलेले दंतवल्क शरीर पुन्हा निर्माण करू शकत नाही. दंतिनजनक पेशी मात्र आतल्या बाजूस, मगजाच्या कडेला, सुरक्षित राहतात आणि मगज जिवंत आहे तोवर आपले काम पुढे चालवू शकतात. म्हणजे दाताला वाढीचे सामर्थ्य आहे, पण ते फक्त आतून आहे. बाहेरचा खड्डा त्याने भरत नाही.

या कामाचा वेग किती? वाढीच्या काळात दिवसाला सुमारे ४ मायक्रॉन जाडीचे दंतिन बनते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या हिशेबाने १ मिलिमीटर जाडीची भिंत बांधण्यास सुमारे २५० दिवस, म्हणजे आठ महिने लागतात. झाडाच्या खोडात जशी वर्षवलये दिसतात तशा दंतिनात या वाढीच्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. त्यांपैकी एक रेषा विशेष ठळक असते. गर्भातून बाहेरच्या जगात येताना आहारात व परिस्थितीत जो एकाएकी बदल होतो त्याची ती खूण असते. तिला जन्मरेषा म्हणता येईल. ती दुधाच्या दातांत आणि पहिल्या कायमच्या दाढांत आढळते, कारण जन्माच्या वेळी याच दातांचे काम चालू असते.

४. नलिका व वेदना

दंतिनातील या नलिका पुष्कळ वर्षांपूर्वीच लक्षात आल्या होत्या. हॉलंडमधील आन्तोन व्हान लेव्हेनहूक यांनी आपल्या साध्या सूक्ष्मदर्शकातून केलेली दातांच्या रचनेची निरीक्षणे १६७८ साली प्रसिद्ध झाली. पुढे इंग्लंडमधील जॉन टोम्स यांनी १८५६ मध्ये नलिकांतील मऊ धाग्यांचे वर्णन केले.

दंतवल्काजवळ एका चौरस मिलिमीटर जागेत सुमारे २० हजार नलिका असतात. मगजाजवळ हीच संख्या ४५ हजारांच्याही वर जाते. याचे कारण उघड आहे. पेशी मागे सरकतात तसतशी जागा आकसत जाते व त्या दाटीवाटीने उभ्या राहतात. मगजाकडे नलिका रुंदही असतात. यास्तव कीड जितकी खोल जाईल तितकी तिची वाट अधिक मोकळी होते.

नलिकांत द्रव भरलेला असतो. थंड पाणी, वारा किंवा गोड पदार्थ उघड्या दंतिनाला लागला म्हणजे हा द्रव हलतो, त्याचा ताण आतील मज्जातंतूंना जाणवतो व कळ येते. स्वीडनचे ब्रॅन्स्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी या उपपत्तीला बळकटी आणली व आज ती सर्वाधिक मान्य आहे. दंतवल्क शाबूत असेतो नलिकांची तोंडे झाकलेली असतात. म्हणून दात शिवशिवू लागणे ही झाकण कोठेतरी गेल्याची सूचना समजावी.

५. दंतिनाचे प्रकार

दंतिनाचे प्रकार निरनिराळ्या दृष्टींनी करतात. शिक्षकांच्या दृष्टीने काळानुसार केलेले वर्गीकरण सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून ते प्रथम देत आहोत.

(अ) काळानुसार तीन प्रकार

प्राथमिक दंतिन : दाताचे मूळ पूर्ण होईपर्यंत जे बनते ते प्राथमिक दंतिन. दाताचा आकार व भिंतीची बहुतेक जाडी यानेच सिद्ध होते.

दुय्यम दंतिन : मूळ पूर्ण झाल्यानंतर त्याच पेशी काम चालू ठेवतात, परंतु अतिशय मंद गतीने. हे दंतिन जन्मभर बनत राहते व त्यामुळे वय वाढेल तशी मगजाची पोकळी लहान होत जाते. लहान मुलाच्या दातात पोकळी मोठी व भिंत पातळ, तर वृद्धाच्या दातात भिंत जाड व पोकळी चिंचोळी आढळते. क्ष-किरण चित्रात पोकळीचा आकार पाहून वयाचा अंदाज करण्याच्या पद्धती याच गुणावर आधारलेल्या आहेत.

तृतीयक दंतिन : कीड, झीज किंवा आघात यांना उत्तर म्हणून जेथे उपद्रव झाला तेवढ्याच भागात हे बनते. शत्रू तटाला भगदाड पाडू लागला असता किल्लेदाराने आतून दुसरी भिंत उभारावी, तसा हा प्रकार आहे. त्याचे दोन पोटप्रकार आहेत. उपद्रव सौम्य असेल तर जुन्या दंतिनजनक पेशी जिवंत राहून आपला वेग वाढवितात. हे प्रतिक्रियाजन्य दंतिन. उपद्रव तीव्र असेल तर त्या पेशी मरतात. मग मगजातील मूळ पेशींपासून नव्या पेशी तयार होऊन काम हाती घेतात. हे भरपाईचे दंतिन. घाईने बनलेल्या या भिंतीत नलिका थोड्या व वेड्यावाकड्या असतात, क्वचित मुळीच नसतात.

भिंत उभारण्यास वेळ लागतो, ही गोष्ट येथे विसरू नये. झीज सावकाश होत असेल तर दाताला सवड मिळते. म्हणूनच दात झिजून सपाट झालेल्या वृद्धांचाही मगज बहुधा उघडा पडत नाही. कीड वेगाने आत शिरली तर मात्र भिंत पुरी होण्यापूर्वीच ती मगजाला गाठते.

(आ) स्थानानुसार

दंतवल्काला लागून सर्वांत प्रथम बनलेला, सुमारे २० मायक्रॉन जाडीचा थर म्हणजे प्रावरण दंतिन. त्यात खनिजे थोडी कमी असतात. त्याच्या आत मगजापर्यंत पसरलेले ते परिमगज दंतिन. दंतिनाचा बहुतेक भाग हाच होय.

(इ) नलिकेच्या संबंधाने

नलिकेच्या आतील अंगाला कड्यासारखे जमणारे, खनिजांनी अधिक भरलेले ते परिनलिका दंतिन. दोन नलिकांच्या दरम्यानचे, कोलॅजनयुक्त ते आंतरनलिका दंतिन. वय वाढते तसे परिनलिका दंतिन वाढत जाऊन काही नलिका पूर्णपणे बुजतात. अशा भागाला निबर दंतिन म्हणावे. ते काचेसारखे पारभासक दिसते व किडीची वाट काहीशी अडवते.

(ई) घडणीतील दोषाने

खनिजे दंतिनात गोल कणांच्या रूपाने जमतात व ते कण पुढे एकमेकांत मिसळतात. ड जीवनसत्त्वाच्या अभावी ते नीट मिसळत नाहीत व मध्ये कच्च्या जागा राहतात. त्यांना अंतरगोलकीय दंतिन म्हणतात. लहानपणी आहार व सूर्यप्रकाश यांत राहिलेली उणीव अशा रीतीने दाताच्या भिंतीत कायमची नोंदली जाते.

६. सहा वर्षांची दाढ

आता या माहितीचा आपल्या वर्गाशी असलेला संबंध पाहू. मूल पहिलीत येते त्या सुमारास, वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे प्रत्येक बाजूस एक याप्रमाणे वर दोन व खाली दोन अशा चार दाढा येतात. या कायमच्या दाढा होत. परंतु त्यांच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही, म्हणून पालकांना त्या आल्याचे कळतही नाही. पुढे त्यांवर काळा ठिपका दिसला तर दुधाची दाढ आहे, पडून जाईल, अशी समजूत करून घेतली जाते. ती दाढ पडून नवी येणार नाही. ती जन्माला पुरवावयाची असते.

या दाढेचे मूळ पूर्ण होण्यास नववे-दहावे वर्ष उजाडते. तोपर्यंत तिची भिंत पातळ, नलिका रुंद व मगजाची पोकळी मोठी असते. तिच्या माथ्यावर खोल खळगे असतात व त्यांत अन्नकण अडकतात. जंतू त्या अन्नातील साखरेपासून आम्ल तयार करतात. दंतवल्क विरघळण्यास जेवढे तीव्र आम्ल लागते त्याहून सौम्य आम्लातही दंतिन विरघळते. त्यामुळे कीड दंतवल्कातून चिंचोळ्या वाटेने आत शिरते आणि दंतिनात पोहोचताच चोहोकडे पसरते. बाहेरचे भोक लहान व आतली पोकळी मोठी असण्याचे कारण हेच.

मूळ पूर्ण होण्यापूर्वीच मगज मेला तर दंतिनजनक पेशीही जातात. मग मुळाची वाढ तेथेच थांबते, भिंत कायमची पातळ राहते व असा दात पुढे सहज मोडतो. यास्तव पहिली ते चौथी ही वर्षे या दाढेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक होत. नेमकी तीच वर्षे मूल आपल्या नजरेखाली असते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. सातव्या-आठव्या वर्षी आलेले कायमचे पटाशीचे दात शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा पिवळसर दिसतात. दंतवल्क पारभासक असल्याने आतील दंतिनाचा रंग बाहेर दिसतो आणि कायमच्या दातांत दंतिन अधिक जाड असते. हा दोष नव्हे. तो घालविण्यासाठी राख, कोळसा, विटेची पूड यांनी दात घासले तर दंतवल्क मात्र झिजते. मिश्री तर तंबाखूचीच असते. ती मुलाच्या हाती कदापि देऊ नये. तसेच चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांत ज्या गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे, तेथील मुलांच्या दातांवरील तपकिरी डाग हे घडणीच्या वेळी पडलेले असतात. ते अस्वच्छतेचे लक्षण मानून मुलाला वर्गात बोल लावणे अन्यायाचे होईल.

७. वर्गात पाठ कसा मांडावा

१. पडलेला दुधाचा दात निरीक्षणासाठी आणण्यास सांगावे. दात कौलावर टाकण्यापूर्वी एक दिवस शाळेला द्या, असे सांगितल्यास मुले हौसेने आणतात. दात धुऊन पांढऱ्या कागदावर ठेवावा. वरचे पांढरे आवरण, त्याच्या आतील पिवळसर भिंत व मधली पोकळी मुलांना दाखवावी. मूळ कोठे गेले, असे विचारावे. खालून येणाऱ्या कायमच्या दातासाठी शरीरानेच ते विरघळविले आहे, हे उत्तर मुलांना आश्चर्याचे वाटते.

२. दुसरा एक पडलेला दात व्हिनेगरमध्ये बुडवून झाकून ठेवावा. काही दिवसांनी तो मऊ पडू लागतो. आम्लाने खनिजे जातात, हे यावरून प्रत्यक्ष दिसते.

३. खारीचे किंवा उंदराचे चित्र दाखवावे. त्यांच्या पटाशीच्या दातांना दंतवल्क फक्त पुढच्या बाजूस असते. मागचे दंतिन लवकर झिजते व दाताची धार पटाशीसारखी तीक्ष्ण राहते. दंतवल्क व दंतिन यांच्या कठीणपणातील फरक यावरून सहज ध्यानात येतो.

४. चौथी-पाचवीच्या मुलांकडून फळ्यावर हिशेब करून घ्यावा : दिवसाला ४ मायक्रॉन, तर ३० दिवसांत किती? उत्तर १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : दाताचा खड्डा जखमेसारखा का भरून येत नाही?
उत्तर : दंतवल्क बनविणाऱ्या पेशी दात वर आल्यावर उरत नाहीत. दंतिनाच्या पेशी आत असतात व त्या आतल्या बाजूसच भर घालतात.

प्रश्न : थंड पाण्याने दातातून कळ का येते?
उत्तर : झाकण गेलेल्या नलिकांतील द्रव हलतो म्हणून.

प्रश्न : आजोबांचे दात झिजले, तरी आतला मऊ भाग उघडा का पडला नाही?
उत्तर : झीज सावकाश झाली व तेवढ्या अवधीत आतून नवे दंतिन बनत गेले.

प्रश्न : तुमच्या तोंडातील कोणत्या दाढा पडून पुन्हा येणार नाहीत?
उत्तर : सहाव्या वर्षी सर्वांत मागे आलेल्या चार दाढा.

८. शिक्षकांनी करावयाचे काम

शाळा सुरू झाल्यावर पहिली ते चौथीच्या प्रत्येक मुलाला उजेडाकडे तोंड करून आ करावयास सांगावे व मागच्या दाढा नुसत्या डोळ्यांनी पाहाव्यात. काडी, टाचणी वा बोट तोंडात घालू नये. काळा ठिपका, खड्डा, हिरडीवरील फोड किंवा थंड-गोड लागल्याने होणारी वेदना यांची नोंद मुलाच्या नावापुढे करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला असून त्यात दातांच्या विकारांचाही समावेश आहे. तपासणी पथक शाळेत येईल त्या दिवशी ही यादी त्यांच्या हाती द्यावी व पुढील उपचार कोठे मिळतील हे विचारून पालकांना कळवावे. दुखणे किंवा सूज असेल तर पथकाची वाट न पाहता मुलाला दंतवैद्याकडे नेण्यास सांगावे.

पालकसभेत तीनच गोष्टी सांगाव्यात. सहा वर्षांच्या दाढा कायमच्या आहेत. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन मागच्या दाढांपर्यंत घासणे अवश्य आहे व लहान मुलांचे घासणे मोठ्यांनी पाहावे. दाढांचे खळगे खोल असतील तर दंतवैद्याकडून त्यांत संरक्षक लेप भरून घेता येतो. दुखत नाही तोवर उपचार नको, ही समजूत काढून टाकण्यासाठी वर्गातील दंतिनाचे चित्र पालकांनाही दाखवावे. आतली भिंत निमूटपणे काम करीत असते. ती दुखू लागते तेव्हा कीड बरीच आत आलेली असते.

स्वाध्याय : १. दाताची उभी आकृती काढून दंतवल्क, दंतिन व मगज ही नावे द्या. २. आपल्या घरातील पाच ते आठ वर्षांच्या भावंडाच्या मागच्या दाढा पाहा व सहा वर्षांची दाढ आली आहे की नाही ते लिहून आणा. ३. प्राथमिक, दुय्यम व तृतीयक दंतिन यांतील फरक दोन-दोन वाक्यांत सांगा. (हा प्रश्न इयत्ता ५ वीसाठी.)